दोष कात्रीचा नव्हता

जॉन फ्रँकनहायमर यांच्या ‘रेनडिअर गेम्स’बद्दल एक समजूत इतकी रुळली आहे की ती तपासून पाहण्याची कुणाला गरजच वाटत नाही. २००० साली चित्रगृहांत लागलेला १०४ मिनिटांचा चित्रपट स्टुडिओने कापूनछाटून बिघडवला होता, दिग्दर्शकाच्या मनातला खरा चित्रपट २००१ साली डीव्हीडीवर ‘डायरेक्टर्स कट’ म्हणून आला, तो १२४ मिनिटांचा आहे, आणि पहिला पाहून ज्यांची निराशा झाली त्यांनी दुसरा पाहून आपले मत बदलावे, अशी ही समजूत. ती चुकीची आहे. एका थोर दिग्दर्शकाची बाजू घेण्याच्या भरात ती त्याच्या कामाची परीक्षाच होऊ देत नाही. शिवाय दरोडापट हा प्रकार कशावर उभा राहतो, याचाही ती विसर पाडते.

या समजुतीत तथ्य किती, ते आधी मान्य करायला हवे. ‘रेनडिअर गेम्स’ची कथा नाताळच्या आठवड्यात घडते. बर्फ, दारादारावर दिव्यांच्या माळा, सांताक्लॉजचे लाल वेश घातलेले दरोडेखोर, असे सगळे वातावरण सणाचे आहे. असा चित्रपट डिसेंबर १९९९ मध्ये येणार होता. तो लांबला आणि २५ फेब्रुवारी २००० रोजी लागला, म्हणजे नाताळ उलटून दोन महिने झाल्यावर. खर्च सुमारे ४ कोटी २० लाख डॉलर आणि जगभरातली तिकीटविक्री जेमतेम ३ कोटी २० लाखांच्या आसपास. निर्मिती ‘डायमेन्शन फिल्म्स’ची. ही तेव्हा वाइनस्टाइन बंधूंची कंपनी होती आणि दिग्दर्शकांच्या चित्रपटांत हात घालण्याबद्दल ते दोघे कुप्रसिद्ध होते. प्रदर्शनाची वेळ चुकली, जाहिरातीचा सूर हरवला, दिग्दर्शकाला हवी ती लांबी मिळाली नाही, हे सारे खरे. पण यातून चित्रपटाचा गल्ला का बुडाला एवढेच कळते. चित्रपट का बुडाला, हे त्यातून कळत नाही.

त्यासाठी कथेकडेच जावे लागते. मिशिगनमधल्या तुरुंगात रूडी डंकन (बेन अ‍ॅफ्लेक) मोटारचोरीची शिक्षा भोगतो आहे. त्याच्याच कोठडीतल्या निकचा (जेम्स फ्रेन) अ‍ॅशली नावाच्या तरुणीशी पत्रव्यवहार चालतो. दोघांनी एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेले नाही. सुटका दोन दिवसांवर आलेली असताना तुरुंगातल्या दंगलीत निकला भोसकले जाते. रूडी एकटा बाहेर पडतो, तर फाटकाशी, बर्फात, अ‍ॅशली (शार्लिझ थेरॉन) वाट पाहत उभी. तो क्षणभर घुटमळतो आणि मग आपणच निक असल्याचे तिला सांगतो. लवकरच तिचा ‘भाऊ’ गेब्रियल (गॅरी सिनीज) आपल्या टोळीसह येऊन धडकतो. निक पूर्वी एका कॅसिनोत सुरक्षारक्षक होता. तिथे दरोडा घालायचा आहे आणि आतली माहिती त्याच्याकडून हवी आहे. रूडीला त्या कॅसिनोतले अक्षरही ठाऊक नाही. मी निक नव्हे म्हणावे तर टोळी जागेवरच संपवेल, आणि निक म्हणून राहावे तर ठाऊक नसलेल्या जागेचा नकाशा काढून द्यावा लागेल.

ही कल्पना उत्तम आहे आणि हे निःसंकोच म्हटले पाहिजे. एका भुरट्या मोटारचोराला दरोड्याचा जाणकार म्हणून वावरावे लागते, प्रत्येक प्रश्नाला अंदाजाने उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर खोटे ठरले तर गोळी खावी लागते. एवढ्या भांडवलावर दोन तास सहज निघाले असते. चित्रपटाची पहिली पाऊणएक तासाची वाट बरी जाते ती याच बळावर. अ‍ॅशली आणि गेब्रियल भाऊबहीण नसून प्रियकर-प्रेयसी आहेत, हे रूडीला चोरून कळते, तेव्हा तो आणि प्रेक्षक दोघेही टोळीपेक्षा एक पाऊल पुढे असतात. पडद्यावर खरा ताण तयार होतो तो इथेच.

पुढे चित्रपट हे भांडवल उधळून टाकतो. दरोडा पडतो, मुडदे पडतात आणि शेवटच्या टप्प्यात कळते की निक मेलेलाच नाही. त्याचे भोसकले जाणे नाटक होते. अ‍ॅशली मुळात त्याचीच प्रेयसी, तिचे नावही वेगळे, आणि गेब्रियलला तिने वापरून घेतलेले. दरोडा दुसऱ्यांनी घालावा, मरणारे मरावेत, पैसा या दोघांना मिळावा आणि दोष रूडीवर जावा, असा बेत आधीपासून शिजलेला होता.

आता हा बेत उलट्या दिशेने तपासून पाहावा. तो तडीस जाण्यासाठी एक गोष्ट घडायलाच हवी होती. तुरुंगाच्या फाटकाशी एका अनोळखी मुलीला पाहून रूडीने, कुणीही न सांगता, स्वतःच्या इच्छेने, मेलेल्या मित्राचे नाव घ्यायला हवे होते. तो खाली मान घालून बसमध्ये चढून घरी गेला असता तर? नाताळला घरच्यांच्या पंगतीला बसायचे, एवढीच ओढ त्याला लागलेली आहे, हे चित्रपट पहिल्या काही मिनिटांतच सांगतो. किंवा त्याने अ‍ॅशलीजवळ जाऊन निक गेल्याची बातमी दिली असती तर? सज्जन माणसाने तेच केले असते. निकने त्याच्या मनाची कितीही पारख केलेली असो, कित्येक महिने आखलेला, स्वतःच्या पोटात सुरा खुपसून घेण्यापर्यंत गेलेला बेत एका परक्या माणसाच्या क्षणिक मोहावर टांगलेला आहे. आणि ज्या रूडीच्या अज्ञानावर आपला जीव टांगला होता, ते अज्ञान बेताच्या सूत्रधारांना पहिल्यापासून माहीत होते, हे शेवटी उघड होते. मग ज्या दरोड्याची माहिती ‘निक’कडून मिळणार होती, तो दरोडा माहितीविना पडणार हेही त्यांना माहीत होते. तरी तो यशस्वी होऊन पैसा आपल्या हाती येईल, हा भरवसा त्यांनी कशाच्या आधारावर ठेवला?

याचे उत्तर १०४ मिनिटांत नाही आणि १२४ मिनिटांतही नाही. दोन्ही आवृत्त्यांचा सांगाडा एकच आहे. तोच तोतया, तेच खोटे मरण, तोच शेवटचा उलगडा. लांब आवृत्तीत प्रसंग ऐसपैस होतात आणि क्रौर्य अधिक उघडे पडते. पण संकलकाच्या टेबलावर जे कापले जाते तेच परत जोडता येते, आणि पटकथेत जे कधी लिहिलेच गेले नाही ते कापलेल्या फितींत सापडत नाही.

पटकथा एरेन क्रूगर यांची. त्याआधी त्यांची ‘आर्लिंग्टन रोड’ १९९९ मध्ये पडद्यावर आली होती. त्या चित्रपटातही खलनायकांचा बेत नायक नेमका कुठल्या वेळी कुठे धाव घेईल यावरच अवलंबून होता. तिथे तो खपला, याचे कारण चित्रपटाचा विषयच संशय होता. शेजाऱ्यावर नजर ठेवणाऱ्या माणसाचा तोल सुटत जातो आणि त्याचा हा सुटलेला तोलच त्याला सापळ्याकडे नेतो. जेफ ब्रिजेस यांनी रंगवलेला प्राध्यापक भयाने ढकलला जात असतो, त्यामुळे तो पुढे काय करील याचा अंदाज बांधता येतो. रूडीला असे काहीच ढकलत नाही. एकाच लेखकाची एकच युक्ती एका कथेत उभी राहते आणि दुसरीत कोसळते, यात कात्रीचा काडीमात्र संबंध नाही.

इथे एक हरकत नेहमी घेतली जाते. हा विरंगुळ्याचा चित्रपट आहे, त्यात सांताक्लॉजच्या वेशातले गुंड आहेत, त्याला तर्काच्या तराजूत कशाला घालायचे? ही हरकत दरोडापटाचा अपमान करणारी आहे. प्रेमकथेत तर्क ढिला असला तर भागते, भयपटात तर तो कधी कधी नकोसाच असतो. दरोडापटात मात्र तर्क हाच विरंगुळा असतो. ज्यूल्स दसँ यांच्या ‘रिफिफी’त (१९५५) पॅरिसमधल्या जवाहिऱ्याच्या दुकानावरचा दरोडा सुमारे अर्धा तास चालतो. त्या वेळात एकही संवाद नाही, पार्श्वसंगीत नाही. छताला भोक पाडताना खाली पडणारे खपल्यांचे तुकडे उलट्या छत्रीत झेलले जातात. घंटेचा आवाज बंद करण्याची तजवीज आपण आधीच पाहिलेली असते. प्रेक्षक श्वास रोखतो कारण कुठल्या क्षणी काय बिघडू शकते हे त्याला ठाऊक असते. जॉन ह्यूस्टन यांच्या ‘द अ‍ॅस्फाल्ट जंगल’मध्ये (१९५०) आणि स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘द किलिंग’मध्ये (१९५६) बेत चोख असतो, माणसे कच्ची निघतात. ‘द किलिंग’चा शेवट विमानतळावर होतो, एका साध्या कुत्र्यामुळे आणि एका कमकुवत बॅगेमुळे. तो शेवट मनाला लागतो, कारण तोवर बेताचा प्रत्येक खिळा आपल्या डोळ्यांसमोर ठोकलेला असतो.

आणि हे फ्रँकनहायमर यांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती. ‘रेनडिअर गेम्स’च्या दोनच वर्षे आधी त्यांनी ‘रोनिन’ (१९९८) केला होता. त्यातला गोदामातला प्रसंग आठवावा. स्पेन्स (शॉन बीन) फळ्यावर सापळ्याचा नकाशा काढतो, गाडी इथे, बंदूकधारी इथे आणि इथे. सॅम (रॉबर्ट डी नीरो) तो नकाशा बघतो, प्रश्न विचारत जातो आणि दाखवून देतो की या आखणीत दोन्ही बाजूंचे बंदूकधारी एकमेकांवरच गोळ्या झाडतील. दोनचार मिनिटांच्या त्या प्रसंगात स्पेन्स तोतया असल्याचे उघडे पडते. सॅमची जात कळते, टोळीतले बळ कुणाकडे आहे ते कळते, आणि पुढचा खरा सापळा रचला जातो तेव्हा कशावर लक्ष ठेवायचे ते प्रेक्षकालाही समजलेले असते. तोतयाला नकाशा काढायला लावणे हा प्रसंग फ्रँकनहायमर यांनी आधीच चित्रित केला होता. ‘रेनडिअर गेम्स’चा तर अख्खा विषयच तोतयाने नकाशा काढण्याचा! इतकी नेमकी संधी त्यांच्यासमोर असताना पटकथेने ती दुय्यम ठेवली आणि सगळा भर शेवटच्या धक्क्यांवर टाकला. दुःख वाटावे अशी गोष्ट ही आहे, गाळलेल्या वीस मिनिटांची नाही.

मागे गेले तर हा फरक आणखी ठळक होतो. ‘द मंचुरियन कँडिडेट’मध्ये (१९६२) रेमंड शॉच्या मेंदूचा ताबा घेतला गेला आहे, हे गुपित शेवटासाठी राखून ठेवणे सहज शक्य होते. फ्रँकनहायमर ते सुरुवातीलाच उघड करतात. बागकामावर व्याख्यान ऐकणाऱ्या बायकांच्या मेळाव्याभोवती कॅमेरा गर्रकन पूर्ण फेरी घेतो आणि त्या बायकांच्या जागी साम्यवादी अधिकारी दिसू लागतात. कोरियात पकडलेले सैनिक त्यांच्यासमोर बसलेले असतात. तिथून पुढे पत्त्यांच्या जोडात चौकटची राणी निघाली की प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो, कारण त्याला सारे माहीत आहे आणि रेमंडला काहीच माहीत नाही.

‘द ट्रेन’ (१९६४) हा तर अप्रत्यक्षपणे दरोडापटच आहे. ऑगस्ट १९४४ मध्ये एक जर्मन कर्नल पॅरिसच्या संग्रहालयातली चित्रे रेल्वेने जर्मनीला न्यायला निघतो आणि फ्रेंच रेल्वे कामगार ती गाडी देशाबाहेर जाऊ देत नाहीत. ते वाटेतल्या स्थानकांच्या पाट्या बदलतात. गाडी जर्मनीच्या हद्दीत शिरली असे आतल्या सैनिकांना वाटते, प्रत्यक्षात ती वळसा घेऊन माघारी फ्रान्समध्येच फिरत असते. या युक्तीत कोण काय करतो, कुठली पाटी कधी चढते, कुणाचा जीव धोक्यात आहे, हे सगळे प्रेक्षकाला दाखवले जाते. खऱ्या इंजिनांची खरी टक्कर चित्रित करणारा हा दिग्दर्शक युक्तीच्या बाबतीतही तितकाच रोखठोक होता. प्रेक्षकापासून लपवून मग चकित करणे हा त्याचा मार्ग कधीच नव्हता.

लपवण्यापेक्षा सांगण्यात ताकद असते याचा आपल्याकडचा पुरावा म्हणजे श्रीराम राघवन यांचा ‘जॉनी गद्दार’ (२००७). पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या राघवन यांनी हा चित्रपट विजय आनंद आणि जेम्स हॅडली चेस यांना अर्पण केला. पाच भागीदार, अडीच कोटींचा व्यवहार आणि त्यातला एक फितूर. तो फितूर कोण हे प्रेक्षकाला लवकरच कळते. मग ताण येतो तो रेल्वेच्या डब्यात, टेलिफोनवर, एका खोट्याला दुसरे खोटे जोडताना विक्रमच्या चेहऱ्यावर उमटणाऱ्या घामातून. चित्रगृहांत हा चित्रपट फारसा चालला नाही, पण पुढे डीव्हीडी आणि दूरचित्रवाणी वाहिन्यांवर तो पाहिलेल्यांनी आवर्जून इतरांना सांगितला. त्याला कुठल्या वाढीव आवृत्तीची गरज पडली नाही. आहे तसाच तो पुन्हा पुन्हा पाहता येतो, आणि सगळे माहीत असूनही पाहता येतो. ‘रेनडिअर गेम्स’ दुसऱ्यांदा पाहताना नेमके उलट घडते. शेवटचा उलगडा माहीत झाल्यावर सुरुवातीचे चांगले प्रसंगही पोकळ वाटू लागतात. अ‍ॅशलीचा प्रत्येक अश्रू आणि गेब्रियलची प्रत्येक धमकी एका अशक्य बेताचा भाग होऊन बसते.

दिग्दर्शकाची आवृत्ती या कल्पनेलाच हा विरोध आहे, असे मात्र कुणी समजू नये. डीव्हीडीच्या काळाने चित्रपटकलेवर मोठे उपकार केले, आणि त्यातले काही या प्रकारातल्या चित्रपटांवरच केले. ब्रायन हेल्गलँड यांचा ‘पेबॅक’ (१९९९) घ्यावा. लुटीतल्या आपल्या वाट्याच्या ७० हजार डॉलरांसाठी एकेकाला संपवत जाणाऱ्या पोर्टरची ही गोष्ट स्टुडिओला आणि मेल गिब्सन यांच्या निर्मितीसंस्थेला फार कोरडी वाटली. शेवटचा एकतृतीयांश भाग दुसऱ्याकडून नव्याने चित्रित करून घेतला गेला. क्रिस क्रिस्टोफरसन यांचे पात्र नव्याने आले, त्याच्या मुलाचे अपहरण आले, पोर्टरचे निवेदन आले आणि पडद्यावर निळी झाक चढली. २००७ मध्ये डीव्हीडीवर आलेल्या ‘पेबॅक : स्ट्रेट अप’मध्ये हेल्गलँड यांनी हे सारे काढून टाकले. त्यांची आवृत्ती चित्रगृहातल्या प्रतीपेक्षा सुमारे दहा मिनिटांनी लहान आहे. तिथे खरोखर दोन वेगळे चित्रपट आहेत आणि दिग्दर्शकाचा कुठला, हा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे.

रिडली स्कॉट यांच्या ‘किंगडम ऑफ हेवन’ची १४४ मिनिटांची प्रत आणि १९४ मिनिटांची प्रत यांतही असाच फरक आहे. लांब प्रतीत राणी सिबिलाच्या लहानग्या मुलाची आणि त्याच्या कुष्ठरोगाची कथा परत येते. त्या एका कथेने सिबिलाच्या पुढच्या प्रत्येक कृतीचे कारण बदलते. सर्जिओ लिओने यांचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका’ १९८४ साली अमेरिकेत १३९ मिनिटांत, काळाच्या सरळ क्रमाने लावला गेला आणि पार निष्प्राण झाला. २२९ मिनिटांच्या प्रतीत आठवणींची मूळ गुंफण शाबूत आहे. या उदाहरणांत परत आलेल्या किंवा काढलेल्या भागाने चित्रपटाचा अर्थ बदलतो.

खुद्द फ्रँकनहायमर यांच्या बाबतीतही हे एकदा घडले आहे. ‘सेकंड्स’ (१९६६) हा त्यांचा सर्वांत धाडसी चित्रपट. थकलेला मध्यमवयीन बँकर पैसे मोजून नवा चेहरा, नवे नाव, नवे आयुष्य विकत घेतो आणि ते त्याला पेलत नाही. कानच्या महोत्सवात त्याचे स्वागत थंड झाले, गल्लाही जमला नाही. अमेरिकेत दाखवताना द्राक्षे तुडवण्याच्या उत्सवातली काही नग्न दृश्ये त्यातून कापली होती. पुढे घरी पाहण्याच्या आवृत्तीत ती परत आली आणि त्या प्रसंगातला मोकळेपणा, नायकाच्या संकोचासमोर ठेवलेला तो उन्मुक्त जमाव, पुन्हा नीट दिसू लागला. आज ‘सेकंड्स’ त्यांच्या सर्वोत्तम कामांत मोजला जातो. दुसऱ्याचे नाव घेऊन जगणाऱ्या माणसाची ही गोष्ट ‘रेनडिअर गेम्स’च्या कितीतरी आधीची. त्यात नाव बदलण्याची किंमत माणसाच्या आत्म्यापर्यंत जाते, तर रूडीच्या नावबदलाची किंमत शेवटच्या दहा मिनिटांत खुलाशांच्या खाली गाडली जाते. ज्यांना दिग्दर्शकाच्या हाती परत आलेल्या चित्रपटाबद्दल बोलायचे आहे त्यांनी ‘सेकंड्स’बद्दल बोलावे.

दुसरे एक मत या चित्रपटाला झोडपणाऱ्यांचे आहे आणि तेही तितकेच फसवे आहे. दिग्दर्शक म्हातारा झाला होता, त्याची पकड सुटली होती, असे ते मत. चित्रपट लागला त्याच महिन्यात फ्रँकनहायमर यांनी सत्तरी गाठली, हे खरे. पण त्यांच्या त्याआधीच्या दशकाकडे पाहावे. अ‍ॅटिका तुरुंगातल्या १९७१च्या बंडावरचा ‘अगेन्स्ट द वॉल’, ब्राझीलचे पर्यावरण कार्यकर्ते चिको मेंडेस यांच्यावरचा ‘द बर्निंग सीझन’, अमेरिकी यादवी युद्धातल्या युद्धकैद्यांच्या छावणीवरचा ‘अँडरसनव्हिल’ आणि ‘जॉर्ज वॉलेस’ अशा चार दूरचित्रपटांसाठी त्यांना दिग्दर्शनाचा एमी पुरस्कार मिळाला. १९५०च्या दशकात थेट प्रक्षेपित होणारी शंभराहून अधिक दूरचित्रवाणी नाटके हाताळून तयार झालेला हा माणूस होता. चूक झाली तर पुन्हा चित्रित करण्याची सोयच नाही, अशी ती शाळा. ‘बर्डमॅन ऑफ अल्काट्राझ’ (१९६२) ते ‘अगेन्स्ट द वॉल’ असा तुरुंगाचा तीन दशकांचा अभ्यास त्यांच्या गाठीशी होता. हात थकलेला असता तर ‘रोनिन’मधले पॅरिस आणि नीसच्या रस्त्यांवरचे पाठलाग घडलेच नसते. ‘रेनडिअर गेम्स’नंतरच्या वर्षी बीएमडब्ल्यूसाठी क्लाइव्ह ओवेन यांना घेऊन केलेला ‘अँबुश’ हा लघुपट तर जेमतेम काही मिनिटांत या माणसाची गतीवरची हुकमत दाखवतो.

‘रेनडिअर गेम्स’मध्येही ती हुकमत जागोजागी दिसते. पांढऱ्या बर्फावर पसरलेले लाल वेशातले मुडदे दाखवणारी सुरुवात, अरुंद खोल्यांत जवळचा चेहरा आणि मागचा माणूस दोन्ही सारखेच स्पष्ट ठेवणारी चौकट, सिनीज यांच्या आवाजात हळूहळू चढत जाणारी क्रूरता. ट्रक चालवणारा हा गेब्रियल स्वतःला मोठा दरोडेखोर समजतो आणि त्याचा हा समजच त्याला धोकादायक बनवतो. कॅसिनोचा व्यवस्थापक झालेल्या डेनिस फरीना यांना थोडाच वेळ मिळतो, पण तेवढ्यात ते आपली जागा पटकावतात. कारागिरी कुठेच ढिली नाही. ती एका चुकीच्या नकाशावर खर्ची पडली आहे.

शार्लिझ थेरॉन यांनी पुढे एका मुलाखतीत हा चित्रपट वाईट असल्याचे स्पष्टपणे सांगितले आणि आपण तो फ्रँकनहायमर यांच्याबरोबर काम करायला मिळावे म्हणून केला, हेही सांगितले. या विधानाचा पहिला भाग सगळीकडे फिरतो, दुसरा क्वचितच ऐकू येतो. वास्तविक एका तरुण अभिनेत्रीने त्या काळात, ‘मॉन्स्टर’साठी ऑस्कर मिळण्याच्या तीनचार वर्षे आधी, केवळ दिग्दर्शकासाठी एखादी पटकथा स्वीकारावी, यातच त्या नावाचा दबदबा दिसतो. चित्रपट वाईट आणि दिग्दर्शक थोर, अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. त्यांतली एक खोटी ठरवण्यासाठीच लांब आवृत्तीची सबब पुढे केली जाते.

डीव्हीडीच्या भरभराटीच्या वर्षांत ही सबब धंद्याच्याही सोयीची होती. चित्रगृहात आपटलेला चित्रपट एकदा साध्या तबकडीवर विकायचा, मग वर्षभराने वेष्टनावर ‘डायरेक्टर्स कट’ छापून पुन्हा विकायचा. ग्राहकाला वाटते की पहिल्यांदा आपल्यापासून काही लपवले गेले होते. अशा वेष्टनामुळे खरी नुकसानभरपाई आणि नुसती लांबी यांच्यातला फरक पुसला जातो. हेल्गलँड यांच्यासारख्या, ज्यांच्या हातून चित्रपट खरोखर काढून घेतला गेला, त्यांच्या तक्रारीची किंमतही त्याने कमी होते.

तरीही ‘रेनडिअर गेम्स’ची तबकडी जवळ बाळगण्याजोगी आहे, फक्त वेगळ्या कारणासाठी. तिच्यावर फ्रँकनहायमर यांची कॉमेंट्री आहे. चित्रपट सुरू असताना मागून बोलत जाणे ही कला त्यांच्याइतकी फार थोड्या दिग्दर्शकांना साधली. ‘द मंचुरियन कँडिडेट’, ‘सेकंड्स’, ‘द ट्रेन’, ‘रोनिन’ यांच्या घरी पाहण्याच्या आवृत्त्यांवर त्यांनी जे सांगून ठेवले आहे तो चित्रपटाच्या विद्यार्थ्यांसाठी आयता अभ्यासक्रम आहे. कुठले भिंग का वापरले, कॅमेरा कुठे बांधला, नट खरोखर वेगात असलेल्या गाडीत कसे बसवले, हे ते कामकरी माणसाच्या भाषेत सांगतात. ‘रोनिन’मध्ये उजव्या बाजूला चक्र असलेल्या गाड्या घेऊन तिथे सराईत चालक बसवला आणि डाव्या बाजूला नटाच्या हाती नुसते दिखाऊ चक्र दिले, म्हणून पडद्यावर डी नीरो भरधाव गाडी चालवताना दिसतात. असे तपशील पुस्तकांत सहजासहजी सापडत नाहीत.

फ्रँकनहायमर ६ जुलै २००२ रोजी गेले. त्याच्या काही आठवडे आधी एचबीओवर त्यांचा शेवटचा दूरचित्रपट ‘पाथ टू वॉर’ दाखवला गेला होता. लिंडन जॉन्सन व्हिएतनामच्या युद्धात पायरीपायरीने कसे ओढले गेले, याची ही कथा आणि जॉन्सन यांच्या भूमिकेत मायकेल गॅम्बन. शेवट इतिहासात आधीच लिहिलेला, प्रेक्षकाला तोंडपाठ. तरी बैठकीच्या खोलीतले प्रत्येक ‘हो’ अंगावर येते, कारण त्या ‘हो’ची किंमत आपण जाणतो आणि खोलीतली माणसे अजून जाणत नाहीत. फ्रँकनहायमर यांच्या अखेरच्या वर्षांबद्दल ज्याला मत बनवायचे असेल, त्याने आधी हा चित्रपट मिळवून पाहावा. ‘रेनडिअर गेम्स’ पाहायचाच असेल तर १०४ मिनिटांचा पाहिला तरी चालेल.